निळं झाकण, पांढरं झाकण

ताईच्या लॅबमध्ये बाटल्या झाकणांवरून ओळखतात. त्यांच्यावर चिठ्ठी चिकटवून काही उपयोग नसतो. काचेच्या बाटल्या वाफेच्या मोठ्या भांड्यातून तापवून काढल्या की चिठ्ठ्या गळून पडतात, शाई पसरते आणि कुठल्या बाटलीत काय होतं हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कुणीतरी फार पूर्वी ठरवून टाकलं: निळं झाकण असेल ते धुण्याचं पाणी, पांढरं झाकण असेल ते सोडवण्याचं पाणी. दोन्ही दिसायला सारखीच नितळ. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. जुन्या माणसाच्या ते इतकं अंगवळणी पडतं की त्याची नजर बाटलीकडे जातच नाही.

ताई जुनी होती. घरातही ती थोरली, म्हणून ताई. आणि लॅबमधल्या पोरांनी एकदा तिच्या बहिणीला फोनवर तशी हाक मारताना ऐकलं, तेव्हापासून तिथेही ताईच.

जन्माआधी माणसाचं फुप्फुस कसं घडतं, हा तिच्या कामाचा विषय. सुरुवातीला ती एक साधी नळी असते. नळीला फाटा फुटतो, फाट्याला पुन्हा फाटा, असं होत होत आत एक उलटं झाड उभं राहतं. या नळ्यांच्या भिंती पेशींच्या. त्या पेशी शेजारणीला धरून उभ्या असतात, आणि धरायला त्यांच्या कडेवर प्रथिनं असतात. त्यांतल्या एकाचं नाव कॅडहेरिन. ताई फुप्फुसाच्या पातळ चकत्या बशीत जिवंत ठेवायची, मग त्या धुऊन, गोठवून, अशा रंगाने रंगवायची की कॅडहेरिन जिथे असेल तिथे हिरवं चमकावं. सगळं ठीक असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी जाळी दिसते, मधमाशांच्या पोळ्यासारखी. प्रत्येक पेशीची कड उजळलेली, पोट काळं.

हे फुप्फुस कुठून यायचं, ते घरात कुणी विचारत नसे. न टिकलेल्या गर्भांचं यायचं. त्यांच्या आईबापांना विचारलेलं असायचं आणि त्यांनी हो म्हटलेलं असायचं. असा डबा ज्या दिवशी यायचा त्या दिवशी लॅबमध्ये कुणी गाणी लावत नसे. कुणी तसा नियम केला नव्हता.

त्या आठवड्यात धाकटी दवाखान्यात होती.

धाकटी म्हणजे ताईची बहीण. सहावा महिना नुकताच लागला होता आणि अचानक पाणी जायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी तिला आडवं करून ठेवलं, इंजेक्शनं दिली, आणि चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीत खुर्ची ओढून नवराबायकोसमोर बसून सगळं सांगितलं. बाळ या आठवड्यात आलं तर ते अगदी काठावरचं असेल. सगळी यंत्रं लावून झगडता येईल. त्यात ते तरेल की नाही, तरलं तर कसं असेल, हे कुणी सांगू शकत नाही. दुसरी वाट म्हणजे यंत्रं न लावता, त्याला त्रास न देता आईच्या कुशीत ठेवायचं. कुठली वाट घ्यायची हे आधीच ठरलेलं बरं, ऐन वेळी विचार करायला सवड मिळत नाही. "सोमवारी सकाळी मी येईन," त्या म्हणाल्या. "तोवर दोघं बोला."

दोघं बोललीच नाहीत. मेहुणे खिडकीबाहेर बघत राहिले. धाकटी म्हणाली, "ताई सांगेल तसं करू."

ताई संध्याकाळी आली तेव्हा तिच्यापुढे हे तयारच होतं.

"मी काय सांगणार? मी डॉक्टर आहे का?"

"डॉक्टर म्हणतात त्यांना सांगता येत नाही. तू तर रोज हीच फुप्फुसं बघतेस. याच वयाची."

"थोडी लहान."

"थोडीच ना? मग सांग. आत त्याचं फुप्फुस कसं असेल? यंत्राने हवा भरली तर टिकेल का?"

"छकुले, ते असं सांगता येत नसतं."

"पंधरा वर्षं काय मग नुसत्या बश्या धुतल्यास का?" धाकटी हसून म्हणाली, पण हसू ओठांवरच राहिलं. "ऐक. बाकी सगळे मला गोड बोलून गप्प करतायत. आई म्हणते सगळं छान होईल. हे तर तोंडच उघडत नाहीत. तू खोटं सांगायचं नाहीस. तुझ्या त्या काचेवर जे दिसेल ते मला सांगायचं."

ताईने मान हलवली. ही मान हलवायला नको होती, हे तिला जिना उतरतानाच कळलं.

दुसऱ्या दिवशी तिने सूक्ष्मदर्शक लावला आणि जाळी नव्हती.

आधी तिला वाटलं भिंग धुरकट झालंय. पुसलं. मग वाटलं रंग बसला नाही. पण रंग होता, भलत्याच जागी होता. कडा विझलेल्या, आणि पेशींच्या पोटात हिरव्या कणांचा चुरा सांडलेला. पेशी गोल झाल्या होत्या, एकमेकींपासून सुटून, पिशवीतून सांडलेल्या वाटाण्यांसारख्या. ही चकती पाचव्या महिन्याच्या शेवटाकडची होती. तिच्या हातून गेलेल्या सगळ्या चकत्यांमध्ये धाकटीच्या बाळाच्या सगळ्यात जवळची.

तिने दुसरी चकती घेतली. निळ्या झाकणाच्या पाण्याने धुतली, रंगवली. तेच. तिसरी घेतली. तेच.

एकदा झालं तर हात चुकला म्हणता येतं. तीनदा तेच झालं की माणसाला वाटतं, निसर्गच बोलतोय. लहान वयाच्या चकत्यांमध्ये तर जाळी सुरेख होती, महिन्यामागेच तिने पाहिली होती. म्हणजे या वयाला पेशी हात सोडतात? का सोडतात? पुढे भिंत पातळ व्हायची असते, रक्तवाहिन्या जवळ यायच्या असतात, म्हणून सोडत असतील? पण इतक्या? आणि सोडलेल्या असताना बाहेरून यंत्राने हवा ढकलली तर भिंतीने कशाच्या बळावर उभं राहायचं?

एक गोष्ट तर मुळीच बसत नव्हती. चकतीच्या कोपऱ्यात एक जाड, जुनी नळी होती, केव्हाच घडून झालेली. तिला ना वळायचं होतं ना फुटायचं होतं. तिच्याही पेशी सुट्या झाल्या होत्या. ताईने ते पाहिलं, डोकं खाजवलं आणि कोपरा सोडून दिला. जे बसत नाही ते माणूस आधी बाजूला ठेवतो.

घरी धाकटीची मुलगी होती. चिमी. आई दवाखान्यात म्हणून ती मावशीकडे राहायला आली होती आणि येताना प्रश्नांचं पोतं घेऊन आली होती.

"मावशी, बाळ आत कशाने चिकटवलेलं असतं?"

"चिकटवलेलं नसतं. पेशी एकमेकींना धरून असतात."

"हाताने?"

"हातासारखंच काहीतरी असतं. पण तो हात आपोआप ताठ राहत नाही. त्याला कॅल्शियम लागतं. आपण दुधातून पितो ना, ते. कॅल्शियमचे कण हाताच्या सांध्यांत जाऊन बसले की हात ताठ होतो आणि शेजारणीचा हात धरतो. कण काढून घेतले की लुळा पडतो. बघ, असा." तिने आपला हात मनगटातून लोंबवून दाखवला.

चिमीने तो धरून बघितला, सोडून बघितला. "मग कोण काढतं कण?"

"कुणी नाही. पोटात कोण काढणार?"

"मग हात कशाला सुटतील?"

"तेच तर मला कळत नाहीये."

"तुला कळत नाही?" चिमीला याचंच जास्त नवल वाटलं. "तू मोठी आहेस ना?"

ताई पोळपाट घासत राहिली. आपणच आत्ता काय सांगितलं, हे तिला ऐकू आलं होतं आणि तरी आलं नव्हतं. डोक्यात सोमवार होता. चकत्यांमध्ये दिसलं ते धाकटीला सांगायचं, तर ती दुसरी वाट धरणार. न सांगायचं, तर दिलेला शब्द मोडायचा. आणि दिसलं त्याचा अर्थ काय, हे ताईला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. अर्थ न कळलेली गोष्ट सांगणं, याला खरं बोलणं म्हणायचं का?

शुक्रवारी संध्याकाळी धाकटीचा फोन आला. "बघितलंस?"

"बघतेय."

"म्हणजे बघितलंस."

"अजून एक तपासायचं राहिलंय."

"ताई, तू लहानपणी माझी पाटी फोडली होतीस तेव्हा अशीच बोलत होतीस."

फोन ठेवल्यावर ताई चहाच्या खोलीत जाऊन बसली. तिथे दाढी आधीच बसला होता. दाढी शेजारच्या खोलीत काम करायचा. त्याचं काम बरोब्बर उलटं. त्याला पेशी बशीतून सुट्या करून मोजायच्या असत, म्हणून पांढऱ्या झाकणाचं पाणी मुख्यतः त्याचंच. खरं नाव सगळ्यांना माहीत होतं, पण दाढी त्याच्या आधी खोलीत शिरायची, त्यामुळे तेच नाव पडलं.

"काय ताई, चेहरा असा का? बहीण कशी आहे?"

"आहे तशीच आहे. तुझं काय?"

"माझं विचारू नकोस. या आठवड्यात माझ्या पेशी सुटायलाच तयार नाहीत. पाणी घालतो, थांबतो, हलवतो, पुन्हा थांबतो. एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसल्यात, जशा काही सासरी निघाल्यात. काल तर अख्खी चादरच्या चादर उठून आली."

"पाणी शिळं झालं असेल."

"ताजंच आहे. मागच्या गुरुवारी भरलेलं. बाटल्या धुणाऱ्या-भरणाऱ्या मावशी रजेवर होत्या ना, तुझीच पाळी होती." तो बिस्किट बुडवत म्हणाला. "तुझ्या कशा आहेत? तुझ्या तरी नीट धरून आहेत ना?"

ताईने कप खाली ठेवला.

"माझ्या सुटतायत," ती म्हणाली.

"मग अदलाबदल करू. मला सुटणाऱ्या दे."

तो हसला. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांसमोर मागच्या गुरुवारचा ओटा आला. दोन बाटल्या भरून ठेवलेल्या. शेजारी पालथी पडलेली दोन झाकणं, ओली. आणि मेहुण्यांचा फोन: पाणी जायला लागलंय, दवाखान्यात नेतोय, तू ये. फोन खांद्याने कानाशी धरून तिने एक झाकण एका बाटलीला लावलं, दुसरं दुसरीला लावलं, आणि पळाली.

"ऊठ," ती दाढीला म्हणाली.

"चहा तरी संपू दे."

"ऊठ म्हणते ना."

शाळेत मुलांना दाखवतात तो साधा प्रयोग त्यांनी केला. पाण्यात कॅल्शियम असेल तर ऑक्झॅलेटचे चार थेंब टाकताच ते दुधाळ होतं. धुण्याच्या पाण्यात कॅल्शियम असतं, ते दुधाळ व्हायला हवं. सोडवण्याचं पाणी कॅल्शियम ओढून घेतं, म्हणून ते नितळ राहायला हवं. ताईने निळ्या झाकणाच्या बाटलीतलं पाणी परीक्षानळीत घेतलं आणि थेंब टाकले. नितळ. पांढऱ्या झाकणाच्या बाटलीतलं घेतलं. थेंब पडला तिथून पांढरा ढग खाली उतरला.

दाढीने दोन्ही नळ्या उजेडाकडे धरल्या. "म्हणजे मी आठवडाभर माझ्या पेशींना हात घट्ट धरायला शिकवत होतो."

"आणि मी माझ्यांचे सोडवत होते."

"चला, दोघांचंही डोकं ठिकाणावर आहे म्हणायचं."

ताई स्टुलावर बसली. आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण लगेच त्याच्या पायात काहीतरी अडकलं. तीन चकत्या वाया गेल्या होत्या. कुणीतरी अतिशय वाईट दिवशी हो म्हणून दिलेल्या चकत्या. ज्या जुन्या नळीने कोपऱ्यातून ओरडून सांगितलं होतं, तिच्याकडे तिने पाठ फिरवली होती. आणि दाढीसमोर हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपल्याजवळ धाकटीसाठी एक वाईट उत्तर होतं, आता तेही नाही.

उबेच्या पेटीत एकच चकती शिल्लक होती. शनिवारी तिने ती काढली, या वेळी पाणी थेंब टाकून तपासलं, मग धुतली, रंगवली. रविवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

जाळी होती. पोळ्यासारखी, उजळ, कोपऱ्यातल्या जुन्या नळीत तर लखलखीत. ताईने सुटकेचा श्वास सोडला आणि काच हळूहळू सरकवत टोकांकडे गेली, जिथे नळीला नवीन फाटा फुटायचा असतो. तिथे जाळी विरळ होती. तुटलेली नव्हती. पण बारीक, मधेमधे पुसट, कुठे आहे असं वाटावं आणि पुन्हा बघितलं तर नसावी अशी. वळायचं तर थोडं सैल व्हावं लागतंच, हे तिला माहीत होतं. पण सैल किती म्हणजे ठीक, आणि किती म्हणजे वाईट? आणि हे खरंच पुसट होतं, की आठवडाभर घाबरून बघितल्यामुळे तिला आता सगळंच पुसट दिसत होतं? दुसरी चकती असती तर ताडून बघता आलं असतं. नव्हती.

तिने दिवा बंद केला, दोन्ही झाकणं कचऱ्यात टाकली आणि काच खरवडायच्या लेखणीने बाटल्यांच्या अंगावरच नावं कोरली. मग दवाखान्यात गेली.

धाकटी उशीला टेकून पडली होती. आई चिमीला घेऊन खाली गेली होती, मेहुणे कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. ताईने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. सुट्या पेशी, जुनी नळी, दाढी, झाकणं. दाढीच्या पेशी सासरी जायला तयार नव्हत्या, तिथे धाकटी हसायला लागली आणि पोट धरून म्हणाली, "हसवू नकोस, बाई. डॉक्टरांनी हसायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलंय." मेहुणेही हसले. बऱ्याच दिवसांनी.

मग धाकटी थांबली. "म्हणजे शुक्रवारी मी फोन केला तेव्हा तुला वाटत होतं की हे टिकणार नाही."

"हो."

"आणि तू मला सांगणार होतीस?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही. सांगितलंही असतं."

"आणि माझा फोन... म्हणजे यांचा फोन आला म्हणून झाकणं बदलली."

"हो."

धाकटी छताकडे बघत राहिली. या गोष्टीला कुठून धरावं हे तिलाही उमगत नव्हतं. काळजीने चूक झाली, चुकीने काळजी वाढली, आणि त्या वर्तुळात तिचं बाळ पडता पडता राहिलं होतं.

"मग आता काय दिसलं?" तिने विचारलं. "शेवटच्या चकतीत."

"बहुतेक ठिकाणी घट्ट धरून आहेत. टोकांना सैल आहेत. ते चांगलं की वाईट, मला कळत नाही. आणि छकुले, ती चकती तुझ्या बाळाची नाही. दुसऱ्या कुणाच्या बाळाची आहे. तिच्यात मला तुझ्या बाळाबद्दल काहीच दिसू शकत नाही. ते मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

"म्हणजे तुलाही कळत नाही."

"नाही."

"बरं झालं," धाकटी म्हणाली. "मला वाटत होतं, सगळ्यांना कळलंय आणि फक्त मला सांगत नाहीयेत."

मग तिने कोपऱ्याकडे मान वळवली. "अहो, तुम्ही बोला आता. ताईला विचारून झालं. डॉक्टरांना विचारून झालं. आता आपण दोघंच उरलो."

मेहुणे खुर्ची ओढून पलंगाजवळ आले. ताई उठून बाहेर व्हरांड्यात गेली.

सोमवारी सकाळी डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा धाकटीने त्यांना काही विचारलं नाही. "जे लावता येईल ते लावा," ती म्हणाली. "त्याला फार त्रास व्हायला लागला तर तेव्हा पुन्हा बोलू. पण सुरुवात लावून करा." मेहुण्यांनी नुसती मान हलवली, पण या वेळी खिडकीकडे बघितलं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल," आणि सोनोग्राफीचं यंत्र आत आणायला सांगितलं.

पडद्यावर करडी सावली हलत होती. चिमी मावशीच्या कडेवर चढून बघत होती. कडेवर बसायचं तिचं वय नव्हतं, पण त्या दिवशी कुणी तिला उतर म्हटलं नाही. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवलं. "ही छाती. बघा, खालीवर होतेय."

"श्वास घेतंय?" चिमीने विचारलं.

"सराव करतंय," ताई म्हणाली. "आत हवा नसते, पाणी असतं. थोडं पाणी आत घेतं, थोडं बाहेर सोडतं. तसं केल्याने फुप्फुस वाढतं."

"पण पाणी तर गेलं ना? आजी म्हणाली."

"सगळं नाही गेलं. आहे थोडं."

चिमी पडद्याकडे बघत राहिली. छाती हलली, थांबली, पुन्हा हलली.

"मावशी, हवा तर त्याने कधी बघितलीच नाही. मग आपल्याला बरोबर जमतंय की नाही, हे त्याला कसं कळतं?"

ताईने उत्तरासाठी तोंड उघडलं. धाकटीही मान वळवून तिच्याकडेच बघत होती.

"मला माहीत नाही, चिमे," ती म्हणाली. "त्यालाही बहुधा माहीत नसावं. तरी बघ, करतंय."